वळणावरचा आरसा

थोरली लेक सायकलसकट चौकात चिरडली गेली, तेव्हा कुठे वळणावर गोल आरसा बसला. त्यासाठी बापाने आधी किती उंबरठे झिजवले होते; आरसा मिळाला, तो लेकीच्या मोलाने.

त्या आरशात रोज एक सायकल येताना दिसे. रस्त्यावर मात्र कुणीच नसे. सुरुवातीला गाडीवाले करकचून ब्रेक दाबत. पुढे सायकल सगळ्यांच्या अंगवळणी पडली.

आज बाप दूधगाडीत ड्रायव्हरशेजारी बसला होता. धाकटी प्रथमच सायकलने शाळेला निघाली होती. आता आरसा आहे, या भरवशावर त्यानेच होकार दिला होता.

चौक आला. आरशात सायकल उगवली. गाडीचा वेग तसूभरही उतरला नाही.

"हळू घे रे."

"काका, आरशातलीच आहे ती. तिच्यासाठी थांबत बसलो तर दुधाचं दही होईल!"

बाप कडवटपणे हसला. जिवंतपणीही तिच्यासाठी कुणी थांबले नव्हते.

मग त्याने पुन्हा वर पाहिले. आज आरशात सायकली दोन होत्या. मागच्या सायकलवर धाकटी होती, आणि पुढच्या सायकलवरून थोरली मान वळवून, हसत, तिला हाताने बोलावत होती.