पेन्सिलीचा ठसा

वीस वर्षं जगनच्या बापाने मुरबाड-वैशाखरे जीप चालवली. जीप सडली, पण तिचं डिझेल इंजिन ठणठणीत राहिलं. जगनच्या नव्या एसयूव्हीचं इंजिन जाम झालं तेव्हा त्याने रीतसर परवानगी काढून तेच बसवलं आणि जीपचा सांगाडा भंगारात दिला. आज पासिंगला इंजिनचा नंबर तेवढा तपासायचा होता. आरटीओच्या साहेबांनी इंजिनवर नंबर कोरलेला असतो तिथे कागद धरून पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला, आकडा उमटलाच नाही. "नंबर कुठाय? बिननंबरी इंजिन चोरीचं धरतात." बाप हसतच पुढे आला. "गंज व्हता साहेब. तुमी बघनार म्हनून कालच ग्राइंडर मारून गुलगुलीत केलंय." त्याने गाडीत बसून चावी फिरवली, इंजिन धडधडलं. "आवाज ऐका, माजंच हाय." साहेब पेन्सिल खिशात टाकून पुढच्या गाडीकडे वळले. बापाने खिडकीतून जगनला विचारलं, "झाली ना रे पास?"