फळीची पकड

नक्षी कोरणाऱ्या मशीनच्या कटरचा आवाज बदलला आणि लेकीनं लाल बटण दाबलं. मशीन थांबेपर्यंत फळी नखभर सरकली होती. वेलीच्या पानावरून एक सरळ चर गेला होता, कोणी मुद्दाम काट मारावी तसा. वाया गेलेली ही दुसरी फळी.

"आता एकच उरली," ती म्हणाली.

तिन्ही फळ्या एकाच जुन्या तुळईतून काढलेल्या होत्या. उद्या सकाळी ग्रंथालयाच्या दारावर वेलपत्ती बसायची होती आणि तसलं दुसरं लाकूड मिळणार नव्हतं. नक्षी या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यामुळे शिकंजे लावायला जागा नाही आणि खिळा मारायची सोय नाही. फळी धरायची ती पंपानं. टेबलाला भोकं होती. पंप त्यांतून फळीखालची हवा ओढून घ्यायचा आणि फळी टेबलाला चिकटून बसायची.

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचे वडील बसले होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी हातानं कोरीव काम केलं होतं. बायको गेल्यावर त्यांनी तीन कामं घेतली आणि तिन्ही बिघडली. पटाशी घसरायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वय झालं, म्हणाले. मिस्त्रींनी पटाश्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. त्याला दीड वर्ष झालं होतं. पॉलिशवाला अजूनही आधी त्यांना नमस्कार करायचा, पण कामाचं विचारायचा लेकीला.

"वाऱ्यावर माणसं सोडतात," मिस्त्री म्हणाले. "लाकूड धरत नाहीत."

"बाबा, टोमणे नंतर मारा. पंपाचा हा काटा बघा. इथवर चढायला हवा, तर तिथंच अडतोय. रबर बदललं, टेबल पुसलं. हवा कुठून शिरतेय कळत नाही."

तिनं शेवटची फळी टेबलावर ठेवून पंप लावला. काटा पुन्हा अर्ध्यावर थांबला. मिस्त्री उठले. त्यांनी खालचा बारीक भुसा चिमटीत घेतला आणि फळीच्या कडेनं भुरभुरत गेले. भुसा पडायचा तिथंच पडून राहायचा. एका जागी मात्र तो गुपचूप आत गेला.

"इथं पितंय."

फळी उलटी केली. मागच्या अंगाला मोहरीएवढं भोक होतं. किडा मागून शिरून कडेनं बाहेर पडला होता, तोही पन्नास-साठ वर्षांपूर्वी. मिस्त्रींनी मेणबत्ती पेटवून दोन्ही तोंडांत मेण सोडलं, वरचं खरवडून काढलं.

काटा सरसर चढला.

"बाकीच्या दोन्ही अशाच गेल्या म्हणायच्या," लेक म्हणाली. "आधी का नाही सांगितलंत?"

"आधी विचारलंस कुठं?"

मशीन चार तास चाललं. फळी जागची हलली नाही. पण कटर पडला गोल. पान देठाला मिळतं तिथला कोपरा त्याच्यानं धारदार निघत नाही. असे साठ कोपरे बोथट राहिले होते.

लेकीनं फडक्याची गुंडाळी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"नको," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी बोलाव."

"दुसरं आहे कोण?"

"अगं, शेवटची फळी आहे. एक पटाशी घसरली की संपलं. हात ऐकत नाही माझा."

"गेली तर माझ्या हातून गेली असं सांगेन मी. फळी उचलू नका. पंप चालूच ठेवते. आहे तिथंच मारा."

मिस्त्रींनी पहिला कोपरा धरला. हातोडा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. ठोका पडला. ढलपी अलगद सुटली. त्यांनी कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं. दुसरा मारला. तिसरा. दहाव्यानंतर ते थांबून बघेनासे झाले. लेक आधी काट्यावर डोळा ठेवून होती, मग ती त्यांच्या हाताकडेच बघत राहिली. साठही कोपरे झाले. पटाशी एकदाही घसरली नाही.

"कुठं गेलं हो तुमचं वय?" ती हसत म्हणाली.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे फळीवर टेकले आणि सगळा भार घालून ती ढकलून पाहिली. फळी तसूभर सरकली नाही. ते तसेच उभे राहिले. पंप घरघरत होता. मग ते बाहेरच्या नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. हात परत आला म्हणून बाबांना भरून आलं, असं लेकीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत वेलपत्ती दारावर बसली. ग्रंथपाल बाई चष्मा वर करून जवळ गेल्या. त्यांनी एकेका पानावरून बोट फिरवलं.

"नक्षी मशीनची आहे, हे कळतं. पण हे कोपरे मशीनचे नाहीत. कोणाचा हात आहे हा?"

"माझ्या बाबांचा," लेक पुढं होऊन म्हणाली. "चाळीस वर्षं कोरतायत. असा हात शोधून सापडायचा नाही."

मिस्त्रींनी तिला हातानं थांबवलं. ते ताठ उभे राहिले. असे ताठ ते दीड वर्षात उभे राहिले नव्हते.

"कोरायचं काय, बाई, शिकवलं की कोणालाही येतं," ते म्हणाले. "माझी बायको चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून दोन्ही हातांनी लाकूड धरायची, आणि ते कधी हललं नाही."