पाण्याखालचं अहो

"बोट नाही, गाइड नाही, कोणाची घाई नाही," हरीश चालता चालता सांगत होता. "रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात. दगड दिसला की गाडी थांबवायची, हवेची टाकी पाठीला लावायची आणि चालत समुद्रात शिरायचं. आपण दोघंच!"

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या माशझे तळ्याकाठी त्यांची शनिवारची चक्कर चालली होती. एप्रिल असूनही वारा बोचरा होता. हरीशचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जात होतं, कारण तो नेहमीप्रमाणे ऊर्मिलाच्या पुढे होता.

लग्न झाल्यापासून तो पुढेच चालत आला होता. लक्ष्मी रोडवर, विमानतळावर, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जातानासुद्धा. मनात वाईट काही नसायचं. पाय लांब आणि डोक्यात सतत काहीतरी चालू, एवढंच. ती फारच मागे पडली की "अहो" म्हणायची आणि तो थांबायचा. या एका शब्दावर त्यांचा संसार सुरळीत चालला होता.

पण "आपण दोघंच" म्हटल्यावर आज तिची चाल मंदावली.

कॅरिबियनमधल्या त्या बोनेर बेटाचं खूळ खरं तर तिचंच. पन्नाशीला पोहायला शिकली, मग हरीशला ओढून नेऊन पाठीवर टाकी लावून पाण्याखाली जायचा कोर्स केला. बेटाच्या काठालगतच प्रवाळ आहे, चालत जाऊन बघता येतं, हेही तिनेच शोधून काढलं. आता त्याला तिच्यापेक्षा जास्त चढलं होतं. दोघांचा उरलाउब, म्हणजे रजा, मंजूर होता. घरी गेल्यावर तिकिटं काढायची होती.

"अहो."

तो लगेच थांबला. "काय गं?"

"तिथे मी मागे राहिले तर?"

"कुठे?"

"पाण्यात."

"मागे कशी राहशील? आपण एकमेकांचे बडी, पाण्यातले जोडीदार आहोत ना. कोर्सला येन्सने शिकवलंय, हात लांब केला की लागेल इतक्या जवळ राहायचं. गेनाऊ, अगदी तसंच करायचं."

"येन्सने शिकवलं त्याच दिवशी तुम्ही पुढे गेलात."

हरीशने टोपी कानांवर ओढली. कोर्सच्या शेवटच्या दिवशी खाणीच्या तळ्यात तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तर सगळीकडे नुसतं हिरवं गढूळ पाणी. शेवटी ज्या हाताने तिला धरलं तो येन्सचा होता. हरीश तळाशी बुडालेली होडी बघून खुशीत वर आला आणि म्हणाला, "अगं, होतीस कुठे?"

"ते तळं होतं," तो आता म्हणाला. "समुद्रात लांबपर्यंत स्वच्छ दिसतं."

"दिसायला मागे वळून बघावं लागतं."

"बरं, मग तू हाक मार ना मला..." म्हणता म्हणता तो अडखळला.

"तेच म्हणतेय. पाण्याखाली अहो कसं म्हणायचं?"

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही.

"अगं, खुणा आहेत की! काही झालं तर अंगठा वर करायचा. अंगठा म्हणजे छान नाही हं. त्यावरून येन्स ओरडला होता मला. अंगठा म्हणजे पुरे, वर चला. वर म्हणजे आपलं पाण्याच्या वर." स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला. "एकाने दाखवला की दुसऱ्यानेही दाखवायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. झालं समाधान? चल, गारठलो मी. आल्झो, तर पहिल्या दिवशी आपण..."

आणि तो पुढे चालू लागला.

ऊर्मिलाही थोडी चालली. मग थांबली. आज हाक मारायची नाही, असं तिने ठरवलं.

तिला राग आलेला नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, त्याने वळावं असं वाटत होतं. तो बोलतच होता. हात हलवून कुठल्यातरी माशाचा आकार दाखवत होता. बाक मागे पडला, होड्यांचं घर मागे पडलं. समोरून धावत आलेल्या बाईला त्याने वाट दिली, तेव्हा तो वळेल असं तिला वाटलं. तो वळला नाही. त्याची निळी टोपी लहान लहान होत गेली.

"अहो" अगदी ओठांवर आलं. एकदा ओरडली असती तर तो थांबला असता, आणि मग घरी जाऊन तिकिटंही निघाली असती. तिने शब्द गिळला.

वळणापाशी त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण उत्तरासाठी तो एकदाचा वळला. शेजारी कोणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग लांबवर ती दिसली. दोन्ही हात पसरून त्याने विचारलं, काय झालं?

ऊर्मिलाने हात उंच केला. मूठ मिटलेली, अंगठा वर.

इतक्या लांबूनही त्याचा चेहरा खुललेला तिला दिसला. त्यानेही झोकात अंगठा उंचावला आणि तसाच वळून पुढे चालू लागला.

मग थांबला. हात अजून वरच होता. पाठमोरा उभा राहून तो आपल्याच अंगठ्याकडे बघत होता.