उरलेल्या गोळ्या

वजन उतरत होतं, पण छातीत धडधडायला लागलं, म्हणून डॉक्टरने जॉर्जिनाच्या भूक मारायच्या गोळ्या बंद केल्या. "उरलेल्या फार्मसीत परत द्या," असंही बजावलं. बाटली जवळजवळ भरलेली होती. जॉर्जिनाने ती भाचीला, डिम्पलला दिली. "लग्नाचा गाऊन बसायला हवा ना? घे, वाया कशाला घालवायच्या?" पोरगी उगाच घाबरेल म्हणून धडधडीचं मात्र ती बोलली नाही.

पण तिच्याच मनाला ते खात राहिलं. तिसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर तिने डिम्पलला कॅनडातल्या मिसिसागाच्या चर्चच्या पार्किंगमध्ये, बर्फातच गाठलं.

"त्या गोळ्या आजच बंद कर."

"मी केव्हाच बंद केल्या, मावशी. बेसमेंटचा जिना चढतानासुद्धा छातीत धडधडायचं."

जॉर्जिनाच्या जिवात जीव आला. "मग बाटली दे इकडे."

"ती कुठली आता? आल्फ्रेड अंकल वसईला गेले ना, त्यांच्याबरोबर मम्मीला पाठवली. अँजिओप्लास्टी झाल्यापासून तिचं वजन किती वाढलंय! आणि वाया कशाला घालवायच्या?"

"धडधडतं ते सांगितलंस तिला?"

"छे! उगाच घाबरली असती."