आत्याचा मान

शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या पोरीची भीतीनं स्टेजवरच चड्डी ओली झाली आणि माझ्या सख्ख्या भावानं हसत त्याचं रील टाकलं. दीड महिना झाला, पोर शाळेत जात नाही, तोंडातून शब्द काढत नाही. आज मंद्रूपला त्याच्या लेकीचं बारसं. नाव आत्यानंच ठेवायचं आणि त्याला बहीण मी एकटीच. पाळण्यापाशी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाले, “आधी रील काढ.” “अगं ताई, दोन लाख लोकांनी बघितलंय! गंमत हाय की.” “मग त्या दोन लाखांतली एखादी आत्या बोलव.” भावजयीनं त्याचा फोन हिसकावला, रील पुसलं आणि हात जोडले. “वन्सं, आता तरी नाव ठेवा.” मी पोरीकडं वळले. “ठेवू का गं?” मामाकडं रोखून बघत पोर बोलली, “नको.” बिननावाचं बाळ पाळण्यात ठेवून आम्ही दोघी निघालो.