तीस फुटांवरचा माणूस

"तीस फुटांवरचा माणूस ओळखू आला पाहिजे," ऑरिन म्हणाला. "नुसता दिसून उपयोग नाही. चेहरा कळला पाहिजे."

तीन आठवडे व्हर्नन याच माणसाची धास्ती घेऊन आपलं बंदुकांचं दुकान उघडत होता. दाराची घंटा वाजली की आधी टोपी बघायचा, ऑरिनची ती बियाण्याच्या कंपनीची मळकी हिरवी टोपी नाही ना म्हणून. आज नेमकी तीच आली.

तीन आठवड्यांपूर्वी ऑरिनचा धाकटा पोरगा, ब्रॅडी, शेजारच्या लॉईडच्या शेडमध्ये गेला तो परत आलाच नाही. ट्रॅक्टरसाठी आणलेली केबल परत ठेवायला गेला होता बिचारा. आमच्या डाकोटात, अमेरिकेतल्या या शेतीमुलखात, शेजाऱ्याच्या शेडमध्ये शिरताना कोणी हाक मारत नाही. वस्तू न्यायची, काम झालं की जागेवर आणून ठेवायची. पण त्या महिन्यात डिझेलच्या चोऱ्या चालल्या होत्या, आणि दिवस मावळला होता. काय हलतंय ते बघायला लॉईडनं पिस्तूल उचललं, कारण त्याचा दिवा पिस्तुलाच्या नळीखालीच बसवलेला होता. उजेड पडला आणि गोळी सुटली, दोन्ही एकदमच. शेरीफनं अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

तो दिवा व्हर्ननच्या दुकानातला. ऑरिनला हे ठाऊक आहे की नाही, एवढ्याच विचारानं व्हर्ननची झोप उडाली होती. चाळीस वर्षांची ओळख, दोघांचे बाप एकाच चर्चच्या आवारात पुरलेले. बायकोला, मॅव्हिसला, तो रोज तेच ऐकवायचा. "गिऱ्हाईक दिवा मागतं, आपण दिवा देतो. चाप मी ओढला का?" मॅव्हिस म्हणायची, "मग जा की, ऑरिनलाच सांग हे." की गडी उठून बाहेर. पोराच्या मातीला ती ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन एकटीच गेली. याला नेमका त्याच दिवशी ताप भरला!

"वासरांवर कोल्हे यायला लागलेत," ऑरिन म्हणाला. "अंधारायच्या वेळी गोळी घालावी लागते. काय घेऊ ते तूच सांग."

म्हणजे याला काही ठाऊक नाही! व्हर्ननचा जीव भांड्यात पडला. आणि मग तो जो सुटला तो सुटलाच. काचेच्या कपाटातून एकेक दिवा काढून समोर मांडायला लागला.

"हा डोक्याला बांधायचा. गाय व्यायला लागली की याच्यासारखा दुसरा नाही, दोन्ही हात मोकळे. पण गोळी घालताना नको. अंधारात समोरच्याला तुझं टाळकंच तेवढं दिसेल. हा बारका किल्ल्यांना अडकवायचा, कुलूप सापडण्यापुरता ठीक." मग त्यानं वीतभर लांबीचा काळा टॉर्च काढला. "हा घे. दिवसभर खिशात राहतो, जड वाटत नाही. मागचं बटण अंगठ्यानं दाबलं की लागला, सोडलं की विझला. हातमोज्यातनंसुद्धा कळतं. डाव्या हातात धरायचा, अंगापासून लांब."

"आणि तो?" ऑरिननं वरच्या फळीकडं बोट केलं. तिथं नळीखाली बसवायचा दिवा होता.

व्हर्ननला वाटलं, या बापाशी आज तरी खरं वागावं. तेवढंच पाप हलकं होईल.

"तो नको. फुकट दिला तरी नको. अरे, त्यानं काही बघायचं म्हटलं की आधी त्याच्यावर बंदूकच रोखावी लागते. मग ते कुत्रं असो, बायको असो, कुणी का असेना. हातात वेगळा दिवा असला की माणूस आधी बघतो आणि मग ठरवतो. दहातल्या नऊ वेळा बंदूक काढायचीच पाळी येत नाही. शनिवारी पोरंसोरं नेमबाजी शिकायला येतात ना माझ्याकडं, त्यांना हा पहिला धडा असतो माझा. आज नाही, वीस वर्षं शिकवतोय."

बोलता बोलता त्याला खरंच बरं वाटायला लागलं होतं.

ऑरिननं टॉर्च उचलला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला धरून बटण दाबलं. गोदामाच्या अंधाऱ्या दारात मॅव्हिस खोकी लावत होती. तिचा चेहरा लख्ख उजळला.

"डोळे फोडता का रे माझे!" ती ओरडली. पुढं आली, समोर कोण आहे ते बघितलं आणि जागीच थांबली.

"ओळखू आली," ऑरिन म्हणाला. त्यानं टॉर्च विझवून काचेवर ठेवला, अगदी हळू. "काल लॉईड आला होता आमच्याकडं. आत ये म्हटलं तर येईना. पायरीवरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, मी व्हर्ननकडं हातात धरायचाच दिवा मागितला होता."

व्हर्नननं मॅव्हिसकडं बघितलं. हे तिलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि ती आता त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"खरं आहे का?" ऑरिननं विचारलं. आवाज चढला नाही की काही नाही.

"हो. मागितला होता."

"मग?"

"हातातले संपले होते रे, ऑरिन, म्हणून तो दिला. माल गुरुवारी यायचा होता."