जांभळी झाक
“पडदा ओढ गं, उन्हानं काच जांभळी पडते,” आई आल्माला लहानपणापासून बजावायची. ओहायोतले लिलाव पालथे घालून तिनं साच्यात दाबलेल्या जुन्या काचेची भांडी जमवली होती. लोण्याचं, दुधाचं, चमच्यांचं, साखरेचं, एकाच नक्षीची, पाण्यासारखी नितळ. ती वारल्यावर धाकटा भाऊ व्हर्जिल वाटणी करायला आला. साखरेचं भांडं त्यानं पांढऱ्या रुमालावर धरलं. “जांभळं पडलंय. अख्खा संच नासवलास, आल्मा. आईपाशी राहून साधा पडदा ओढवला नाही तुला?”  आईनं आल्माला शपथ घातली होती, त्याला खरं कारण सांगू नकोस. “दुपारभर झोपायचीस वाटतं,” तो हसला. आल्मानं भांडं हिसकावलं. “मी ओढायचे रे. आई उघडायला लावायची, रस्त्यावर तुझी गाडी दिसावी म्हणून. तुझ्या कॉफीसाठी हे भांडं भरून रोज खिडकीत मांडायची. पाच उन्हाळे मांडत राहिली. तू आला नाहीस.”